आधी तू सांग

गाडी दुरुस्त होत नसली की मिस्त्री गाडीवर कधी चिडायचे नाहीत. ते माणसांवर चिडायचे, आणि माणूस सापडला नाही तर शटरवर. त्या शनिवारी सकाळी शटर वर करतानाच त्यांनी त्याला चार शब्द सुनावले होते, कारण साडेनऊला ती फिकट निळी गाडी येणार होती. महिन्याभरात चौथ्यांदा, आणि चारही वेळा तक्रार तीच.

तक्रार सांगायला अगदी सोपी. एसी बंद ठेवून गाडी दिवसभर फिरवा, इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या रेघेखाली गुमान बसून राहायचा. एसी लावला, तरी गाडी पळत असेपर्यंत काही नाही. पण एसी लावून गाडी सिग्नलला किंवा रांगेत उभी राहिली, की दहा मिनिटांत काटा तांबड्या रेघेकडे चढायला लागायचा. चाळीस वर्षं बॉनेटखाली डोकं घालणाऱ्या माणसाला हे काम डाव्या हाताचं वाटायला हवं. पहिल्या वेळी तसं वाटलंही होतं.

त्या पहिल्या वेळी त्यांनी रेडिएटर आतून धुतला, कूलंट नवं भरलं आणि रेडिएटरचं झाकण बदललं, कारण झाकणाचं रबर कडक झालं की ते दाब धरत नाही. दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्या वेळी वॉटर पंप उतरवून हातात घेऊन पाहिला, पट्टा नवा घातला आणि रेडिएटरपुढची एसीची जाळी चक्क दात घासायच्या ब्रशने साफ केली. एसीचा पंखा तर तिन्ही वेळा पाहिला. एसी लावला की पुढचा हा जादा पंखा सुरू झाला पाहिजे, नाहीतर उभी गाडी तापणारच. पण पंखा फिरत होता. मिस्त्री कंबर धरून वाकले होते, फिरताना डोळ्यांनी पाहिला होता, आणि मनातल्या यादीत त्याच्यापुढे खूण करून मोकळे झाले होते.

गाडी रेडिओची होती. रेडिओ म्हणजे त्यांचा मित्र. बत्तीस वर्षं त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान गॅरेजला लागून होतं, मधे फक्त एक विटांची भिंत. दुकान एवढं चिंचोळं, की गिऱ्हाईक आत आलं तर मालकाला श्वास रोखून बसावं लागायचं. फळ्यांवर उघडी पडलेली यंत्रं, टेबलावर सोल्डरिंगचा धूर, आणि त्या धुरात मान वाकडी करून बसलेला, कमी बोलणारा हा माणूस. मिस्त्री त्याला रेडिओ म्हणायचे, आणि तो मिस्त्रींना पाना म्हणायचा. खरी नावं दोघांनाही फक्त लग्नपत्रिकांवर दिसायची.

गाडी घेतली तेव्हा दोघांत एक तह झाला होता. गाडीतला रेडिओ त्याचा, बाकी सगळी गाडी मिस्त्रींची. तह एकदा मोडला गेला. रेडिओने मिस्त्रींना न विचारता डिकीत एक जादा दिवा बसवला, स्वतः वायर ओढून. मिस्त्रींनी तो दिवा काढून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि दोन महिने अबोला धरला. भिंतीच्या अलीकडे एक गाल फुगलेला, पलीकडे दुसरा. शेवटी रेडिओच्या बायकोने, वहिनींनी मध्यस्थी केली, म्हणजे दोघांनाही झापलं. त्यानंतर बावीस वर्षांत या गाडीला आपल्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, असं मिस्त्री छाती पुढे काढून सांगायचे.

दर रविवारी सकाळी रेडिओ गाडी घेऊन यायचा. काही बिघडलेलं असो वा नसो. बॉनेट वर करायचं, इंजिन चालू ठेवायचं, आणि मिस्त्रींच्या थर्मासमधला चहा दोन कपांत ओतून दोघांनी ऐकत उभं राहायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावून रेडिओ डोळे मिटायचा. मिस्त्री म्हणायचे, "आधी तू सांग." मग रेडिओ सांगायचा, उजवीकडं काहीतरी बारीक टकटकतंय. मिस्त्री आपला अंदाज सांगायचे, मग उघडून पाहायचं. ज्याचा अंदाज चुकेल त्याने कप विसळायचे. वर्षातून निम्म्या वेळा कप मिस्त्रीच विसळायचे, पण हे ते कुणाला सांगत नसत. खरं म्हणजे या गॅरेजचे हात मिस्त्रींचे होते आणि कान रेडिओचे. आता तर मिस्त्रींचे कान मंदच झाले होते. गिऱ्हाईक बोलायचं तेव्हा ते त्याच्या ओठांकडे पाहायचे, आणि लोकांना वाटायचं, काय मन लावून ऐकतात.

तीन महिन्यांपूर्वी रेडिओला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. मिस्त्री एकदा भेटायला गेले. पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले, "काय म्हणतोस" म्हणाले, आणि तो काहीच म्हणत नाही हे पाहून चपला उलट्या घालूनच घराबाहेर पडले. पुन्हा गेले नाहीत. गाडी आली की ते रेडिओच्या मुलीशी बोलायचे. रेडिओ पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेला असायचा आणि मिस्त्री त्याच्या डोक्यावरून बोलायचे, तिथे गाठोडं ठेवलंय असं समजून. याची त्यांना लाज वाटायची. लाज वाटली की ते आणखी चिडायचे.

गाडी आली. मुलीने ती झाडाच्या सावलीत लावली. ती शाळेत गणित शिकवायची, इतकी वर्षं दुसऱ्या गावी होती, वडिलांसाठी बदली करून घेऊन आली होती. आठवड्यातून तीनदा वडिलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला व्यायामासाठी न्यायचं, मग शाळा, मग स्वयंपाक, मग वह्या. उन्हाळा मी म्हणत होता, आणि वडिलांना उकाडा सोसायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काल पुलावर वाहनं तुंबली होती, काटा चढला, तिने एसी बंद करून काचा उघडल्या, आणि वीस मिनिटांत वडील घामाने निथळले. हे सगळं तिने पाढे म्हणावेत तशा आवाजात सांगितलं.

मग म्हणाली, "काका, आजारी माणसांना ठेवून घेतात त्या संस्थेत मी बोलून ठेवलंय. सोमवारी अकराला नेऊन सोडते. व्यायाम तिथंच, गाडीची भानगड नको."

मिस्त्रींनी हातातलं फडकं एकदा घडी केलं, एकदा उलगडलं. "घर सोडून राहील तो?"

"त्यांना काय कळतंय आता?" ती म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, नुसता दमलेला होता. "डॉक्टर म्हणतात, फार आशा धरू नका. गाडीत बसलं की हात सारखा तिकडं माझ्या बाजूला टाकतात. गाडी तापायला लागली की जास्तच. मला वाटायचं, काहीतरी सांगताहेत. डॉक्टर म्हणाले, त्यात अर्थ शोधू नका, सवयीनं हलतो तो. मी आपली हात उचलते आणि मांडीवर ठेवते. आणखी काय करू?"

मिस्त्रींनी फडकं खांद्यावर टाकलं. ते म्हणाले, जा, औषधं आणायची असतील तर घेऊन ये, बारापर्यंत तुझी गाडी बर्फासारखी करून देतो. तिने त्यांच्याकडे पाहिलं. असं ते तिन्ही वेळा म्हणाले होते. तरी ती रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानाकडे गेली.

मिस्त्रींनी इंजिन चालू केलं, एसी लावला, काचा बंद केल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कूलंट भरलेलं. पाइप कुठे दबलेला नाही. पट्टा ताठ. पंखा फिरतोय. बॉनेट पाडून ते गाडीत, चालकाच्या सीटवर येऊन बसले, कारण आता काट्याकडे बघत बसण्याखेरीज करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठव्या मिनिटाला काटा मधल्या रेघेवर आला. सोमवार, अकरा वाजता, त्यांच्या मनात आलं. मग रविवारी सकाळी शटर तरी कशाला उघडायचं?

गाडीत आता ते दोघेच होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा. शेजारी रेडिओ समोरच्या काचेतून कुठेतरी पाहत बसला होता. दाढी नीट केलेली, केस विंचरलेले, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. पोरगी करते बिचारी सगळं. मिस्त्रींना वाटलं, बोलावं. पण बोलायचं काय? तब्येत विचारावी तर दिसतेच आहे. हवेबद्दल बोलावं तर तेवढे ते दोघे परके कधीच नव्हते. बत्तीस वर्षांत दोघांत जे बोलणं झालं ते बहुतेक बॉनेटवर वाकूनच झालं होतं. मग त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे इतक्या रविवारी निघायचं.

"आधी तू सांग," मिस्त्री म्हणाले.

रेडिओचा डावा हात मांडीवरून उठला. छातीसमोरून आडवा होत, स्टिअरिंगच्या अलीकडे, डॅशबोर्डच्या खालच्या अंधाराकडे निघाला. सीटच्या पट्ट्याने खांदा धरून ठेवला होता, त्यामुळे हात वीतभर अलीकडेच अडला आणि तिथेच राहिला. मुलीच्या सांगण्याप्रमाणे मिस्त्री तो उचलून मांडीवर ठेवणारच होते. त्यांनी हात पुढे केलाही. आणि त्यांची नजर त्या बोटांवर पडली.

ती बोटं नुसती हलत नव्हती. अंगठा आणि पहिली दोन बोटं जुळलेली होती, उरलेली दोन आत मुडपलेली. ही चिमूट मिस्त्रींनी भिंतीपलीकडे हजारदा पाहिली होती. रेडिओचं बटण फिरवून केसभर अलीकडे, केसभर पलीकडे स्टेशन धरताना त्याची बोटं अशीच जुळायची. डॉक्टरांना हे कळायचं कारण नव्हतं. त्यांनी हा माणूस फक्त आजारी पाहिला होता.

मिस्त्रींनी पट्ट्याचं बक्कल दाबलं. पट्टा सरकला, रेडिओचा खांदा सुटला, आणि हात मिस्त्रींच्या गुडघ्याला ढकलून डॅशबोर्डखाली गेला. टक् असा बारीक आवाज झाला.

त्यानंतर जे झालं ते मिस्त्रींच्या मंद कानांनाही ऐकू आलं. समोर बॉनेटखाली पंखा घों करून उठला. बॉनेटचा पत्रा शहारला. गाडीपुढच्या धुळीतला वाळका पाला लांब उडून गेला. मिस्त्रींना एकदम कळलं, की गेला महिनाभर आपण पाहत होतो तो पंखा फिरत होता खरा, पण अर्ध्या जिवाने. फिरतोय एवढं डोळ्यांना दिसलं होतं. कसा फिरतोय हे सांगायचं काम कानांचं होतं, आणि कान तर पुढच्या सीटवर बसवून ठेवले होते. काटा थांबला. मग अगदी सावकाश, पण बिनचूक, खाली यायला लागला.

मिस्त्री टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली घुसले. आत, पेडलच्या वर, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी एक पिवळट गोल बटण होतं, जुन्या लाकडी रेडिओवरचं. त्याच्यामागे चिनी मातीच्या तुकड्यावर गुंडाळलेली तार, आणि मोत्याच्या दाण्यासारखे सोल्डरिंगचे टाके. छताच्या पंख्याला असतो तसा रेग्युलेटर. एका बाजूला पूर्ण, दुसऱ्या बाजूला मंद. आणि बटण इतका काळ मंद बाजूला होतं. असे टाके या गावात एकच माणूस घालत असे.

ते बाहेर आले तेव्हा लाल झाले होते. "माझ्या गाडीत?" ते म्हणाले. "माझ्या मागं? शेजारी बसून माझा चहा पीत होतास आणि तिकडं वायरी कापून ठेवल्यास? मी महिनाभर त्या जाळीला ब्रश घासतोय, वेडा समजून लोक बघताहेत, आणि तू इथं बसून मजा बघतोस?"

मुलगी औषधांची पिशवी घेऊन परतली तेव्हा तिला दिसलं ते हे, की काका तिच्या मुक्या, आजारी वडिलांवर तोंडाला येईल ते बोलत सुटले आहेत. ती धावत आली. आणि दाराशीच थांबली. वडिलांच्या चेहऱ्याची उजवी बाजू नेहमीसारखी ओघळलेली होती. डावी बाजू हसत होती. चोरी पकडली गेल्यावर माणूस हसतो तसं, नजर चुकवून, अर्ध्याच तोंडाने, पण हसत होती. तीन महिन्यांत त्यांना कुणी रागावलं नव्हतं. सगळे त्यांच्याशी हळू, गोड आवाजात बोलायचे.

मिस्त्रींनी तिला बटण दाखवलं, काटा दाखवला. कशासाठी हा उपद्व्याप, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. पंखा कमी करून कुणाला काय मिळणार? त्यांच्या तोंडाकडे पाहत रेडिओने पुन्हा हात लांब केला, आणि या वेळी तो गाडीतल्या रेडिओकडे गेला. सहा वर्षांत तो कुणी लावला नव्हता. आधी नुसतीच खरखर झाली, मग कुठलंसं जुनं गाणं लागलं, पण त्याच्यावर पंख्याची घरघर अशी पसरली होती की शब्द लागेनात. हात खाली गेला. टक्. पंखा मंदावला, घरघर विरली, आणि गाणं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

मुलगी दाराला धरून उभी राहिली. "आई," ती म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी, आईच्या शेवटच्या वर्षी ती इथे नव्हती. फोनवर आई सांगायची, तेवढंच तिला माहीत होतं. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं, नंबर लागेपर्यंत आवारात गाडीत बसून राहायचं. आईला आतला वास सहन व्हायचा नाही आणि उकाडाही. दुपारी फर्माईशी गाण्यांचा अर्धा तास असायचा. आई म्हणायची, मी गाणी ऐकते, तुझे बाबा काटा बघतात. मुलीला वाटायचं, बाबा घड्याळाचा काटा बघत असतील, नंबर कधी येतो म्हणून.

आता तिच्यासमोर तिचे बाबा काटा बघत होते. गाणं चालू होतं. काटा मधल्या रेघेजवळ आला, किंचित वर सरकला. डावा हात कुणी न सांगता खाली गेला आणि पंखा पुन्हा घों करून उठला. गाण्याचं शेवटचं कडवं घरघरीत बुडालं. एक गाणं मंद, मग थोडा वेळ पूर्ण. अशी त्याने बायकोची कितीतरी गाणी राखली असणार, इंजिनही राखलं असणार, आणि मित्राचा राग नको म्हणून गुपितही राखलं. वहिनी गेल्यावर त्याने ना एसी लावला, ना रेडिओ. बटण त्या शेवटच्या गाण्याला जिथे होतं तिथेच राहिलं होतं.

मग मुलगी म्हणाली, "महिनाभर मी हा हात उचलून मांडीवर ठेवत होते, काका." तिचा चेहरा आता मास्तरणीचा राहिला नव्हता.

"तू निदान हात तरी धरलास," मिस्त्री म्हणाले. "मी तीन महिने त्याच्याशी बोललोच नाही. आज विचारलं, तर त्यानं लगेच सांगितलं." आणि त्यांना रडू आलं. ते त्यांनी फडक्याने पुसलं, त्यामुळे तोंडाला ग्रीस लागलं, आणि रेडिओच्या चेहऱ्याची डावी बाजू पुन्हा हसली.

मिस्त्रींनी थर्मास आणला. दोन कप काढले. दुसरा तीन महिने पालथा होता, तो आधी पुसून घेतला. मुलीने वडिलांना चमच्याने चहा पाजला, घोट गिळेपर्यंत थांबून थांबून. मग मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले, की हे लचांड एकदाचं काढून पंख्याला सरळ वायर देऊन टाकतो. ते वाकले, तर बटणावर आधीच एक हात होता. त्यांनी तो हलवायचा प्रयत्न करून पाहिला. हात हलला नाही. मिस्त्री पुटपुटत उठले आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवून दिला.

निघताना त्यांनी विचारलंच. "सोमवारी अकराला मग?"

"सोमवारी व्यायाम आहे त्यांचा," ती म्हणाली. "साडेनऊला निघावं लागेल. संस्थेला मी फोन करते."

तिने वडिलांचा पट्टा लावला, बक्कल ओढून पाहिलं, आणि क्षणभर विचार करून पुन्हा सोडलं. सीटखालची दांडी वर करून तिने ती सीट दोन खाचा पुढे घेतली. मग पट्टा लावला. "बघा बाबा, पोचतो का," ती म्हणाली. हात छातीसमोरून आडवा गेला. टक्. पोचत होता.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मिस्त्री रस्त्यात उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी नळ सोडला. अंदाज त्यांचा चुकला होता, एकदा नाही, चारदा. त्यांनी दोन्ही कप विसळले आणि उद्याच्या रविवारसाठी शेजारी शेजारी उताणे ठेवले.